बारकीची रेघ

"काय कोंबलंस तोंडात? खरं सांग. दोनशे साठ दाखवतंय इथं, आणि बाण अजून वरच चाललाय."

"काही नाही खाल्लं."

"म्हणजे मशीन खोटं बोलतं?"

"मशीनला मी कुठं काय म्हटलं?"

"मग तू बोलतोस. आठ युनिट घे आत्ताच्या आत्ता, आणि पेनचा फोटो पाठव. कोणासाठी करते मी हे सगळं, एवढं एकदा सांग मला."

हा आईचा ठरलेला प्रश्न. याला उत्तर नसतं, फोन ठेवायच्या आधी ती तो विचारते आणि ठेवते. मी दुकानाच्या मागच्या पायरीवर बसलो होतो, पुढ्यात दार काढलेला फ्रीज, हातात पाना. आत मालक हसत होते. आईचा फोन आला की ते हसतात. दुकानात मला मीटर म्हणतात, आणि फोन वाजला की मालक आतूनच ओरडतात, मीटर, तुझं रीडिंग घ्यायला आले बघ. एरवी माझ्या डोक्यात तिडीक जाते. आज गेली नाही. आज डोक्यात काहीच नव्हतं, फक्त तो आकडा होता. कारण मी खरंच काही खाल्लं नव्हतं, आणि मशीनही खोटं बोलत नव्हतं. दंडाला चिकटवायचा तो पांढरा सेन्सर, जो माझी साखर मोजून आईच्या फोनवर पाठवतो, तो माझ्या दंडावर नव्हताच. तो माझ्या बहिणीच्या दंडावर होता. ती शाळेत होती, आणि सेन्सरचा आकडा पुढे पाठवणारा जुना फोन तिच्या दप्तरात.

मी इन्सुलिनचं पेन काढलं, सवयीने. आठवर फिरवलं, फोटो काढला, आईला पाठवला, आणि आठच्या आठ युनिट पुसायच्या फडक्यावर सोडली. कालपासून हे दुसऱ्यांदा; माझं इन्सुलिन मी वेगळं, अंदाजाने घेतो. इन्सुलिनला जखमेवरच्या नव्या पट्टीसारखा वास येतो. फडक्यात तेल होतं, गंज होता, आणि त्यात हा वास. मला वाटलं की हे फडकं नाही, हा तिचा दंड आहे, आणि मी सगळं जमिनीवर सांडतोय.

आई कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला बसते. शर्ट उलटा करायचा, शिवण बोटांनी चाचपायची, धागा सुटलेला दिसला की बाजूला टाकायचा. दिवसभर तेच. घरी येऊन मला पण तसंच उलटं करून बघते. सेन्सर नव्हता तेव्हा निदान विचारायला लागायचं, आणि मी थाप मारू शकायचो. सेन्सर आला आणि माझं रक्तच चुगली करायला लागलं. मी कुठंही असलो तरी ते तिला सांगणार, हा आता पाव खातोय, हा आता धावतोय, हा आता कोणाशी तरी भांडतोय. भांडलो की पण साखर चढते. म्हणजे आधी भांडायचं, मग का चढली म्हणून त्यावर भांडायचं. एकदा मित्राबरोबर तळ्याकाठी नुसता बसलो होतो, काही बोलत नव्हतो, फार बरं वाटत होतं, आणि फोन. बाण खाली चाललाय, ज्यूस पी. मित्र म्हणाला, तुझी आई झाडावर बसलीय का रे? तो हसला, मी पण हसलो, पण ते बरं वाटणं जे गेलं ते गेलं. बाबा लांबच्या गाडीवर असतात. घरी असले की झोपलेले असतात. जागे असले की म्हणतात, आईचं ऐकत जा. मग पुन्हा झोपतात.

हे सगळं त्या मीटिंगपासून सुरू झालं. दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये पेशंटना बोलावलं होतं, आमच्या आजारावर जे काय नवीन नवीन उपचार येतायत त्याबद्दल पेशंटना काय वाटतं ते विचारायला. मी जाणार नव्हतो. आई मला आणि बारकीला, माझ्या धाकट्या बहिणीला, दोघांनाही धरून घेऊन गेली. गळ्यात कार्ड अडकवलेली एक ताई होती, समोर रेकॉर्डर ठेवून बसलेली, आणि आमच्या डॉक्टरीणबाई कडेला. ताई फार गोड बोलत होती, म्हणजे आमच्यासारख्यांसमोर जरा जास्तच. पडद्यावर चित्रं दाखवली. आपोआप चालणारा पंप, स्वतःच मोजतो, स्वतःच सोडतो. आठवड्यातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन. आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, त्या आत सोडल्या की शरीर पुन्हा स्वतःचं इन्सुलिन बनवणार. मी फ्रीज दुरुस्त करतो. थर्मोस्टॅट गेला की फ्रीज एकतर सगळं गोठवतो नाहीतर दूध नासवतो, मग आपण नवा थर्मोस्टॅट टाकतो आणि गिऱ्हाईक घेऊन जातं. मी ते बोललो. ताई खूश झाली, म्हणाली, अगदी तसंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसंच, फक्त हा फ्रीज बाहेरचा पार्ट ओळखतो आणि तो मारून टाकायला बघतो, म्हणून जन्मभर दुसरी औषधं. म्हणजे तसं नाहीच.

एक बाई होत्या, ऑफिसातून तशाच आलेल्या, कमरेला तो पंप. त्या म्हणाल्या, यंत्राला नावं ठेवणार नाही, झोप लागते आता. पण तेव्हापासून घरच्यांना वाटतं मी बरी झाले. आधी माझा चेहरा बघून कोणीतरी विचारायचं, आता कमरेकडे बघतात. आणि पलीकडे एक आजोबा होते, काळा चष्मा, काठी. त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ते म्हणाले, मी चड्डीत होतो तेव्हा डॉक्टरांनी माझ्या वडिलांना सांगितलं, काळजी करू नका, पाच वर्षांत यावर औषध निघेल. माझं लग्न ठरलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सासऱ्यांना सांगितलं, पाच वर्षांत. आता डोळे अधू झाले, मूत्रपिंडं दमली, तर ही पोरगी पण सांगतेय, पाच वर्षांत. माझी तक्रार नाही. पाच वर्षं ही फार चांगली गोष्ट आहे, ती कधी संपतच नाही. सगळा हॉल हसला. हसले ते आमच्यातले. ज्यांना हा आजार नव्हता ते आधी इकडेतिकडे बघत राहिले, हसावं की नाही ते कळेना, मग हसले.

मला विचारलं, तुला उपचारातून काय हवंय? मी म्हटलं, एक दिवस सुट्टी. ताईला वाटलं मी कामाचं बोलतोय. मी म्हटलं, याची सुट्टी. एक दिवस हे दुसऱ्या कोणीतरी सांभाळावं, मी उठावं, खावं, झोपावं, आणि कोणाला काही कळू नये. बारकी माझ्या शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिला अकरावं चालूय. तिचे डोळे मोठे, बाकी सगळं काटकुळं, म्हणून बारकी.

मग शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्या औषधाचं काढलं. ज्यांना आजार अजून उठलेला नाही पण रक्तात खुणा सापडतात, बहुतेक पेशंटचे भाऊबहीण वगैरे, त्यांच्यासाठी. रोज थोडंथोडं सलाईनमधून, दोनेक आठवडे. त्याने आजार जात नाही, पुढे जातो. दोन वर्षं, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. पण आजार उठायच्या आधी द्यायला लागतं, एकदा उठला की याचा उपयोग नाही. त्यासाठी आधी रक्त तपासायचं. आईने लगेच बारकीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी बघितला. आणि माझ्या डोक्याचा जो काय पारा चढला. मी उभा राहिलो. म्हटलं, दोन वर्षं? त्या दोन वर्षांचं काय लोणचं घालायचं? तुम्ही तिचं रक्त काढणार, तिला सांगणार की बाई गं, तुझ्यात पण आहे, आणि मग ती बसणार रोज आरशात बघत. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं ते बरं झालं. निदान दहा वर्षं मी फुकट जगलो. ती पण जगू दे. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, निर्णय घरच्यांचा आहे. मी म्हटलं, मी घरचाच आहे, आणि या हॉलमध्ये तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं ते दुखतं कसं. डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. मला वाटलं मी जिंकलो. येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती, आणि मग म्हणाली, तू म्हणतोस तर राहू दे. आई माझं कधी ऐकत नाही. कसलंच नाही. एवढं एकच ऐकलं.

नवा सेन्सर लावायचा दिवस आला तेव्हा मी बारकीला जिन्यात गाठलं. सुट्टीचं ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नुसती सुट्टी नव्हती, मला सरळ रेघ बघायची होती. माझी रेघ म्हणजे कुत्रं मागे लागल्यासारखी, वर, खाली, भिंतीवरून उडी. चांगल्या माणसाची कशी असते? काही न करता, कोणाला न विचारता? मला ती आईला दाखवायची पण होती, घे, तुला पाहिजे होती ना. बारकीने विचारलं, दुखेल? मी म्हटलं, मुंगी चावते तेवढं. तिने जरा विचार केला आणि अट घातली. सेन्सर दंडावर आहे तोपर्यंत मला बारकी म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. मी म्हटलं, बरं. खटका दाबला, तिने डोळे घट्ट मिटले, आणि उघडून म्हणाली, एवढंच? मग बाही खाली ओढून उड्या मारत गेली. सेन्सरचा फोन दप्तरात टाकायचा, बंद करायचा नाही, वर्गात आवाज नको. सगळं तिने पाठ केलं, धडा पाठ करावा तसं. नावाने हाक मारायचं मात्र मी दुसऱ्याच दिवशी विसरलो.

आणि आई बदलली. फोन थांबले. संध्याकाळी ती गुणगुणत कणीक मळायची. शेजारच्या काकूंना जिन्यात सांगताना मी ऐकलं, पोरगं मनावर घ्यायला लागलंय हो. जेवणानंतर एकशे ऐंशी, फार तर एकशे नव्वद, आणि सावकाश खाली. तिने मला फोन दाखवला, डोळ्यात पाणी. बघ, ही तुझी रेघ. मी पण बघितली. मला पण छान वाटली. सरळ नव्हती, पण माझ्या मानाने केवढी शहाणी. आता या पायरीवर बसून मला ती रेघ पुन्हा दिसतेय, आणि पाचावर धारण बसलीय माझी. एकशे नव्वद. आम्ही दोघं, आई आणि मी, इतकी वर्षं या आकड्यांत घातली, झोपेतून उठवलं तरी सांगू की कितीला काय करायचं, आणि आम्ही दोघं एकशे नव्वद बघून खूश झालो. कारण माझ्यासाठी एकशे नव्वद चांगला आहे. बारकीसाठी नाही. ज्याला काही झालेलं नाही त्याचा जेवल्यावरही एवढा चढत नाही. रस्त्यावरच्या कोणालाही हे शंकास्पद वाटलं असतं. आम्हालाच वाटलं नाही. आणि आईला तर ती रेघ कोणाची तेच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

काल सव्वादोनशे आला तेव्हा मी स्वतःला म्हटलं, दंड आपटला असेल. सेन्सर दाबला गेला की उलटं कमी दाखवतो, हे मला माहीत आहे, तरी म्हटलं. आज सकाळी म्हटलं, गरम पाण्याने आंघोळ केली असेल. कोणाला तरी सांगतोय अशा आवाजात म्हटलं. पण मग दुसऱ्या गोष्टी यायला लागल्या, ज्या मी बघितल्या होत्या. मी सगळं बघतो, ही माझी खोड आहे. कोणाच्या चपलेचा अंगठा नवीन शिवलाय, मालकांनी आज दाढी दोनदा केलीय, सगळं. तर मी हे पण बघितलं होतं की बारकी शाळेतून आली की दप्तर न काढता नळाला तोंड लावते. मी तिला म्हटलं होतं, काय गं टाकी, नळ तरी ठेव. ती हसली, पाणी नाकात गेलं, ठसका लागला. मी बघितलं होतं की स्कर्टला तिने कमरेला पिन लावलीय. आईने विचारलं तर म्हणाली, ढिला झालाय. आई म्हणाली, उंच होतेयस, बारीक होणारच. मी हे सगळं बघितलं आणि ठेवून दिलं, एखादा स्क्रू नंतर लागेल म्हणून खिशात टाकावा तसं.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा असाच तहानलेला असायचो. तहान हा शब्दच बरोबर नाही त्याला. घशात कोणीतरी खडूची भुकटी भरलीय असं वाटायचं. वर्गात बाटली संपली, मी बाथरूमला जायचं विचारलं, बाई म्हणाल्या, आत्ताच जाऊन आलास ना, बस खाली. मी बसलो. आणि बाकावर बसल्याबसल्याच ते झालं. गरम, मग गार. माझ्या मागच्या पोराने पाय वर घेतले, तो आवाज मला अजून ऐकू येतो, चपला बाकाच्या कडेला घासल्याचा. त्यानंतर दवाखाना, सलाईन, आईचा चेहरा, सगळं. पुढे मोठ्या वर्गात गेल्यावर शर्ट वर करून पोटात पेन टोचताना एकाने बघितलं आणि गर्दुल्ला म्हणून हाक मारायला लागला. आख्खी रांग म्हणायची. मी एक दिवस कंपासपेटी त्याच्या कपाळावर घातली. रक्त आलं. मुख्याध्यापक म्हणाले, माफी माग. मी म्हटलं, आधी त्याने. त्यांनी आईला बोलावलं, आईने माझ्या वतीने माफी मागितली, आणि मी त्या फाटकातून जो बाहेर पडलो तो परत गेलो नाही. दुकानात पार्ट आणायला जायचं तर त्या रस्त्याने जवळ पडतं, तरी मी लांबून जातो. बारकी त्याच शाळेत आहे. त्याच इमारतीत, तेच बाक असतील. आत्ता तिच्या घशात खडू असेल, आणि कोणीतरी तिला म्हणत असेल, आत्ताच जाऊन आलीस ना.

कदाचित नसेलही. कदाचित मशीन बिघडलं असेल. डॉक्टरीणबाईच म्हणतात की सेन्सरवरून निदान करायचं नसतं, बोट टोचून बघायचं, मग रक्त. मी किती वेळ या कदाचितला धरून बसलोय. मालकांनी दोनदा डोकावून बघितलं, पाना माझ्या हातातून काढून घेऊन गेले. आणि मला हेच सारखं येतंय की त्या हॉलमध्ये आईचा हात तिच्या खांद्यावर होता. तो हात खरा होता. रक्त तपासलं असतं तर त्या दिवशी कळलं असतं. त्या दिवशी आजार कदाचित उठलेला नसेल, फक्त खुणा असतील. म्हणजे सलाईन, म्हणजे ती दोन वर्षं. तेरावं लागलं असतं तिला. दोन वर्षं नळाला तोंड न लावता. दोन वर्षं कोणी दंडाकडे न बघता. मी त्यांचं लोणचं घालायला निघालो होतो. मला कळतं दुखतं कसं, म्हणालो होतो. मला माझं कळतं. तिचं मला काही कळत नव्हतं, ती तर माझ्या शेजारी पाय हलवत बसली होती, तिला कोणी विचारलंच नाही. ताईने पण नाही. पेशंटचं मत चाललं होतं ना, ती अजून पेशंट कुठं होती.

फोन पुन्हा थरथरला. आई. दोनशे ऐंशी. घेतलंस ना? मग उतरत का नाही? अजून चार घे. मी तो मेसेज बघत राहिलो. आई तिकडे शर्टांच्या ढिगाऱ्यामागे बसून मला वाचवत होती, मनापासून, आणि चुकीच्या माणसाला. मी सांगितलं नाही तर ती अशीच मला वाचवत राहणार, आणि दुसरी तिकडे सुकत जाणार. मी फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला तिने. मागे शिलाईच्या मशिनींचा आवाज येत होता. ती बोलायला लागायच्या आधी मी म्हटलं, आई, तो आकडा माझा नाहीये.

ती म्हणाली, म्हणजे?

मी नाव घेतलं. बारकी नाही म्हटलं, नाव घेतलं. शाळेच्या हजेरीत असतं तेवढं आख्खं, आडनाव सोडून. सेन्सर तिच्या दंडावर आहे, मी लावलाय, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं ती किंचाळेल. मला ते हवं होतं. मशिनी एकेक करून बंद होत गेल्यासारखं वाटलं, पण ती उठून बाहेर आली असणार, कारण मग वाऱ्याचा आवाज आला. मी म्हटलं, आई. ती म्हणाली, पाणी पीत होती ती. मला दिसत होतं. मी म्हटलं, मला पण. आणि मग ज्या आवाजात ती मला कधीच काही विचारत नाही अशा आवाजात तिने विचारलं,

"आणि तुझा किती आहे?"

आठवडाभर माझा आकडा कोणालाच माहीत नव्हता, मला पण धड नाही. कधी आठवलं तर बोट टोचायचो, कधी आठवूनही नाही. सुट्टी होती ना. मी म्हटलं, बघितला नाही. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, मी निघतेय, पण मला दोन बस बदलायला लागतात, तू जवळ आहेस. शाळेत जा. आत जा, फाटकाशी उभा राहू नकोस. बाईंना सांग भाऊ आहे म्हणून. तिचं बोट टोच आणि तुझं पण टोच, आणि मला दोन्ही सांग. खरे. शेवटचा शब्द तिने वेगळा म्हटला. कोणासाठी करते मी हे सगळं, ते आज विचारलं नाही. फोन ठेवला.

पिशवीत मीटर आहे, पट्ट्या आहेत, सुया दोन, एक तिच्यासाठी वेगळी. मुंगी चावते तेवढं असं या वेळी म्हणता येणार नाही. मालकांना काय सांगायचं ते सुचत नाही, ते दारात उभे आहेत, स्कूटरची किल्ली माझ्याकडे धरून, आणि हसत नाहीयेत. मला आता निघायला हवं.